पाड्यावरचा कचरा: डस्टबिन नको, आधी पुड्यांचं बघा

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या सात-आठ आदिवासी पाड्यांवर कचऱ्याचं काम केलंय म्हणून सरळच सांगतो, कोणी रंगीत डस्टबिन वाटायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. पाड्यावर ओला कचरा असा उरतच नाही, शिळंपाकं कोंबड्यांना, साली बकरीला, बाकी शेणाबरोबर उकिरड्यात. लोक पिढ्यानपिढ्या खत करतायत आणि आपण त्यांना गांडूळखताचं ट्रेनिंग देतो!

खरी कटकट दुकानातल्या वेफर्सबिफर्सच्या पाच रुपयांच्या प्लास्टिक पुड्यांची. त्या उकिरड्यात जातात, खताबरोबर शेतात येतात, नाहीतर राबाच्या (रोपासाठी जमीन भाजतो त्या) पालापाचोळ्यात जळतात आणि त्याच जागी आपण भाताचं रोप टाकतो.

सभा पाड्याचीच घ्या, ग्रामपंचायतीची नको, पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) तेवढी सोय आहे. आणि भातकापणीच्या आधी घ्या, दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो.

उकिरड्यातलं प्लास्टिक एकदा सगळ्यांनी मिळून वेचून काढा.

आता पुड्या साठवणं. इथं मी पार आपटलो होतो. पहिल्या वर्षी हौसेनं बावीस गोण्या भरून समाजमंदिरामागे ताडपत्रीखाली ठेवल्या, आणि न्यायचं कुठं हे ठरवलंच नव्हतं. मृगाचा पाऊस आला, गोण्या भिजल्या, उंदीर शिरले, डास झाले, शेवटी कोणीतरी वैतागून काडी लावली आणि दोन दिवस घराघरात धूर. त्यानंतर पुढचं वर्षभर काकी लोक मला बघितलं की "आला कचरेवाला" म्हणून हसायच्या, बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून आधी घेणारा ठरवा, मगच गोणी उघडा. पंचायत समितीच्या स्वच्छ भारत कक्षात जाऊन विचारा, तालुक्याचं प्लास्टिक युनिट चालू आहे का, वेफर्सची चकचकीत पुडी घेतात का, "प्लास्टिक घेतो" एवढ्यावर खूश होऊन परत येऊ नका कारण बाटली सगळेच घेतात, पुडी कोणी घेत नाही. भंगारवाल्याला त्यात पैसा नाही. बाटल्या-पत्रा त्याला विका, ते पैसे बचत गटाकडे ठेवा, टेम्पोचं भाडं बरंचसं त्यातून निघतं, कमी पडलं तर पेसाच्या ५ टक्के अबंध (ठराविक योजनेला न बांधलेल्या) निधीतून ग्रामसभेच्या ठरावानं घ्या.

पुडी झटकून कोरडीच ठेवायची. प्रत्येक घरी युरियाची धुतलेली गोणी, चुलीपासून लांब, वाशाला टांगून. जमिनीवर ठेवली की कुत्रं फाडतंच. बाजारला माल सोडून रिकामी परतणारी गाडी असते, तिच्याशी महिन्यातून एक खेप बोलून ठेवा आणि मे संपायच्या आत शेवटची खेप जाऊ द्या, जूनमध्ये रस्ता चिखलाचा होतो.

लग्नाला पत्रावळ्या, थर्माकोल नाही. राज्यात २०१८ पासून बंदीच आहे.

आणि हो, टॉर्चचे सेल पुड्यांच्या गोणीत टाकू नका, वेगळ्या बरणीत ठेवा, झाकण लावून, पोरांच्या हाताला लागणार नाही असं.