कौलं फुटली नसतील तर अख्खं छत बदलायचे पैसे देऊ नका

वाळवंटी भागात कौलारू छत गळायला लागलं की कॉन्ट्रॅक्टर सरळ पूर्ण छत बदलायचं कोटेशन हातात ठेवतो आणि आकडा बघूनच घाम फुटतो. पण बऱ्याचदा कौलं ठणठणीत असतात, उन्हाने वाट लागलेली असते ती त्यांच्या खालच्या वॉटरप्रूफ थराची (फेल्ट म्हणतात तो). मातीची किंवा सिमेंटची कौलं ५० वर्षं सहज काढतात, तो थर मात्र २०-२५ वर्षांत कडक होऊन तडकतो.

मग असं करा:

१. कडेची दोन-चार कौलं उचलायला लावून खालच्या थराचे फोटो मागा.
२. कोटेशन दोन मागा, एक पूर्ण नव्या छताचं, दुसरं कौलं काढून, नवा थर टाकून तीच कौलं परत बसवायचं. फरक तिथेच कळतो, कारण कौलांचाच खर्च वाचतो.
३. फुटतील तेवढीच नवी कौलं घ्यायची. रंग थोडा वेगळा दिसला तर मागच्या बाजूला लावा, समोरून कोण बघतंय.
४. माप स्वतः तपासा. ३० अंश उतार असेल तर छताचं क्षेत्रफळ त्याखालच्या जमिनीवरच्या सपाट मापाच्या साधारण १.१५ पट येतं, त्याहून फार जास्त लावलं असेल तर विचारा.

एक मात्र सांभाळा, खालच्या फळ्या कुजलेल्या निघाल्या तर त्याचा रेट आधीच लिहून घ्या, नाहीतर छत उघडं पडल्यावर तो म्हणेल ती किंमत.