ॲड्रिनल मोठी झाली म्हणजे पेशी वाढल्या असं धरून चालू नका

ताण आणि ॲड्रिनलवर (मूत्रपिंडावर बसलेली छोटी ग्रंथी) काम सुरू करताय ना, मग माझं काय चुकलं ते आधी ऐका. त्या एका चुकीत माझे आठ महिने गेले आणि तो स्लाइडचा डबा समोर आला की अजूनही पोटात कालवतं.

बेसिक तुम्हाला माहीत असणारच. कवच आणि त्याच्या लगेच खालचा थर, तिथे नव्या पेशी तयार होतात, त्या आधी ग्लोमेरुलोसाच्या (कॉर्टेक्सचा, म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या भागाचा, वरचा पट्टा) होतात मग आत सरकत सरकत फॅसिक्युलाटाच्या (त्याखालचा पट्टा), आणि शेवटी मेड्युलाच्या, म्हणजे ग्रंथीच्या गाभ्याच्या, हद्दीवर जाऊन मरतात. हे किती हळू चालतं याचा मात्र अंदाज घ्या. २०१९ मध्ये दाखवलं गेलं की उंदराच्या (माउस, रॅट नव्हे) मादीत अख्खं कॉर्टेक्स साधारण ३ महिन्यांत नवं होतं आणि नरात त्यालाच ९ महिने लागतात, कारण अँड्रोजेन, म्हणजे नर-हार्मोन्स, ब्रेक लावतात. म्हणजे नर-मादी एका गटात टाकले तर विषय तिथेच संपला. टाकू नका.

आता सापळा. ताणावर संशोधन करणाऱ्या हान्स सेल्येने १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की थंडी, जखम, अतिव्यायाम, औषधांचा मारा, रॅटला काहीही द्या, ॲड्रिनल मोठी होते, थायमस (छातीतली प्रतिकारशक्तीची ग्रंथी) आक्रसतो, पोटात अल्सर होतात. हे वाचूनच मी कामाला लागले. रॅटना तीन आठवडे रोज वेगळा ताण, कधी नळीत कोंडणं, कधी ओला भुसा, कधी तिरका पिंजरा, कधी रात्रभर लाइट. ग्रंथी खरंच जड झाल्या. मग की-६७ चा (विभागणाऱ्या पेशी दाखवणारं प्रोटीन) स्टेन केला, चाळीसच्या लेन्सखाली प्रत्येक प्राण्याची दहा फील्ड मोजली आणि आकडे कमी आले! ताणामुळे पेशींचं नूतनीकरण थांबतं, असं मी लिहून मोकळी झाले, ग्रुपसमोर मांडलंसुद्धा. एका सिनिअरने एवढंच विचारलं, पेशींचा साइज मोजलास का गं? मोजला नव्हता.

हे नीट समजून घ्या, मी थोडं लांबवून सांगते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. समजा कंट्रोलच्या (ताण न दिलेल्या गटाच्या) एका फील्डमध्ये २०० न्यूक्लियस दिसतात आणि त्यातले १० की-६७ पॉझिटिव्ह आहेत. ताण दिला, पेशी चरबीने आणि सायटोप्लाझमने फुगल्या, तेवढ्याच फील्डमध्ये आता १४० च मावतात, त्यातले ७ पॉझिटिव्ह. मी लिहिलं १० वरून ७, घट. पण दोन्हीकडे प्रमाण ५ टक्केच आहे! आणि ग्रंथी तेवढीच मोठी झालेली असेल तर एकूण विभागणाऱ्या पेशीही तेवढ्याच आहेत. काहीच घटलेलं नाही, फक्त पेशी लांब लांब गेल्यात. उलटही होतं, वजन वाढलं म्हणून पेशी वाढल्या असं लिहितात आणि प्रत्यक्षात त्या नुसत्या फुगलेल्या असतात. आणि टक्केवारी काढली म्हणजे सुटलो असंही नाही, कारण विभाजन मुख्यतः बाहेरच्या भागात असतं, सेक्शन (ग्रंथीची पातळ चकती) मध्यातून न जाता कडेने गेला की त्यात बाहेरचा थरच जास्त येतो आणि टक्केवारी आपोआप फुगते. मेड्युला दिसत नसलेला सेक्शन मोजायला घेतलात तर हे होणारच.

उपाय कंटाळवाणा आहे पण तोच करा. अख्खी ग्रंथी कापा, सुरुवात रँडम ठेवून मग दर दहावा सेक्शन घ्या, कॅव्हेलिएरी पद्धतीने (सेक्शनच्या क्षेत्रफळांवरून) आकारमान काढा, डायसेक्टरने (जोडीच्या सेक्शनमध्ये तुलना करून मोजायची पद्धत) पेशी मोजा आणि सगळं झोनप्रमाणे वेगळं ठेवा. अल्डोस्टेरॉन सिंथेजची (ग्लोमेरुलोसात असणारं एन्झाइम) अँटिबॉडी लावली की ग्लोमेरुलोसाची हद्द डोळ्यांना दिसते, अंदाजाने रेघ मारू नका. रॅटमध्ये दीर्घ बदलत्या ताणानंतर फॅसिक्युलाटाच्या बाहेरच्या भागात पेशींची संख्या वाढते, आतल्या भागात त्या फक्त मोठ्या होतात आणि ग्लोमेरुलोसाच्या पेशी उलट लहान होतात, हे २००६ मध्ये छापून आलंय. एकाच ग्रंथीत तीन गोष्टी! सगळं कॉर्टेक्स एकत्र मोजलं की तिन्ही एकमेकींत बुडतात. आणि कॅस्पेज-३ (मरणाऱ्या पेशी दाखवणारा स्टेन) पण करा, नुसतं की-६७ म्हणजे येणारे मोजले, जाणारे मोजलेच नाहीत. उंदराच्या तरुण मादीत मेड्युलालगत एक्स-झोन नावाचा तात्पुरता पट्टा असतो, पहिल्या गर्भारपणात तो आपोआप विरतो, तिथली मेलेली पेशी बघून ताणाच्या नावावर खपवू नका.

ताणाचं तर विचारूच नका. २२ डिग्रीला ठेवलेला उंदीर मुळात गारठलेला असतो, त्याला आराम ३० च्या आसपास वाटतो, म्हणजे तुमचा कंट्रोलही पूर्ण निवांत नाही. कॉर्टिकोस्टेरॉन (ॲड्रिनलचं ताणाचं हार्मोन) लाइट जायच्या सुमारास चढतं, त्यामुळे एक गट सकाळी आणि दुसरा दुपारी कापणं बंद करा. पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानेही उंदीर-रॅटमध्ये ताण चढतो हे २०१४ मध्ये दिसलंय, तेव्हा सगळ्या गटांना हात लावणारा माणूस एकच असू दे.

ऑटोमॅटिक मोजणारं सॉफ्टवेअर वापरा पण आधी दोनेकशे पेशी हाताने मोजा, कोणता गट आहे हे न बघता. मला तरी हा शॉर्टकट आधीच हातात देणारे लोक आवडत नाहीत. गाइड निवडताना मोठं नाव बघू नका, तुमच्याशेजारी मायक्रोस्कोपला अर्धा तास बसेल असा माणूस बघा, माझा सिनिअर तसा होता म्हणून मी वाचले.

घाबरू पण नका. पहिल्यांदा ग्रंथी काढताना चरबी चिकटून येतेच, उंदराची एक ॲड्रिनल जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅमची, त्यावर तेवढीच चरबी राहिली तर वजन दुप्पट. डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्याने सोलत बसायचं, दहाव्या-बाराव्या प्राण्यापासून हात बसतो. डावी-उजवी वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवा. मी डाव्या कापून मोजल्या होत्या, उजव्या पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये तशाच पडून होत्या, आणि त्या अख्ख्या कापूनच मी सगळं परत मोजलं. बाहेरच्या फॅसिक्युलाटात की-६७ वाढलेलं होतं, कमी नव्हे. पहिली मोजणी झाली म्हणून ब्लॉक टाकून देऊ नका.