वनस्पतींचे मत्स्यालय: मासे सर्वांत शेवटी

मत्स्यालय लावायचे ठरले की बहुतेक जण टाकी, रोपे आणि मासे एकाच फेरीत घरी आणतात. मीही पहिल्या वेळी तसेच केले होते. टाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मासे सोडले तरी चालतील, असे दुकानात सांगण्यात आले आणि मी ते मानले. आठवडाभरात आठांपैकी सहा गप्पी दगावले. पाणी काचेसारखे नितळ असल्यामुळे कारण लक्षात येत नव्हते. ते कारण होते अमोनिया, जो डोळ्यांना दिसत नाही. ही गोष्ट आधी समजून घेतली, तर पुढचे जवळजवळ सगळे निर्णय आपोआप सुचत जातात.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून व कुजणाऱ्या पानांतून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूच्या कणांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी आहेत, तर नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असून वनस्पतींचे अन्न आहे. हे जिवाणू पुरेशा संख्येने वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. वनस्पती मुळांतून आणि पानांतून अमोनियाही थेट शोषून घेतात, म्हणूनच भरपूर लागवड केलेली टाकी नुसत्या वाळूच्या टाकीपेक्षा लवकर स्थिरावते. तेव्हा आधी लागवड, मग प्रतीक्षा आणि शेवटी मासे, हा क्रम कोणत्याही कारणाने बदलू नये.

सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी घ्यावी. तीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. लहान गोल भांडी दिसायला आकर्षक असली, तरी थोड्या पाण्यात तापमान आणि अमोनिया फार झपाट्याने चढतात. भरलेल्या टाकीचे वजन काच आणि वाळूसह ७० किलोच्या पुढे जाते. त्यामुळे स्टँड भक्कम व समतल असावा आणि काचेच्या तळाखाली थर्माकोलचा पत्रा घालावा. खिडकीतले थेट ऊन टाकीवर येऊ देऊ नये.

आपल्या नळाला कोणते पाणी येते, हे मासे निवडण्यापूर्वीच पाहावे. मुंबई-पुण्याला धरणांचे पाणी मिळते आणि ते बरेच मृदू असते. दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे पाणी मात्र बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त असते. भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील, तर दुसरी चाचणी करण्याची फारशी गरज नाही. जड पाण्याचा सामू (पीएच) सहसा अधिक असतो, आणि सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो. अशा पाण्यात गप्पी आणि मॉली सुखाने राहतात, तर अॅमेझॉनच्या मृदू पाण्यातून आलेल्या निऑन टेट्राला ते मानवत नाही. पालिकेच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणू आणि कल्ले या दोहोंना घातक असतो. त्यासाठी ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब सांगितलेल्या मापाने घालावेत. घरातील आरओचे पाणी एकटे वापरू नये, कारण रोपांना लागणारे क्षार त्यातून निघून गेलेले असतात.

तळाशी दोन-अडीच सेंटिमीटर साधी, चाळलेली माती आणि तिच्यावर तीन-चार सेंटिमीटर धुतलेली जाड वाळू पसरावी. कुंड्यांसाठी मिळणाऱ्या तयार मातीत बहुधा शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेले असते आणि ते पाण्यात गेल्यावर भरमसाट अमोनिया सोडते, म्हणून ती माती टाळावी. कोकणात राहणाऱ्यांनी जांभ्याची मूठभर चाळलेली माती त्यात मिसळली, तर मुळांना लोह मिळते. वाळूवर व्हिनेगरचे काही थेंब टाकून पाहावेत. ती फसफसली, तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी आहे आणि ती पाणी जड करत राहील. सजावटीसाठी आपला काळा बेसाल्ट उत्तम, कारण त्यातून पाण्यात काही विरघळत नाही. पाणी भरताना वाळूवर एक थाळी ठेवून तिच्यावर धार धरावी, म्हणजे माती उसळत नाही.

पहिल्या लागवडीत कौतुकाची रोपे कमी आणि झपाट्याने वाढणारी जास्त असावीत. शाळेत नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवण्याचा प्रयोग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तीच हायड्रिला नव्या टाकीची सर्वांत विश्वासू सोबतीण ठरते. दिवा लागून तीन-चार तास झाले की तिच्या खुडलेल्या देठाच्या टोकातून बारीक बुडबुड्यांची अखंड माळ सुटते, आणि रोप खरोखर काम करत असल्याची ती खूण असते. तिच्या जोडीला मागील बाजूस वॅलिसनेरियाची लांब पाती लावावीत. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे जाड खोड मात्र वाळूत कधीही पुरू नये, ते कुजते. ही रोपे दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावीत. क्रिप्टोकोरिन लावल्यानंतर आठवड्याभरात तिची सगळी पाने विरघळून जाण्याची शक्यता असते. अशा वेळी रोप मेले असे समजून ते उपटून टाकू नये, कारण मुळे जिवंत असतात आणि तीन-चार आठवड्यांत मधोमध नवे कोंब दिसू लागतात.

दोन फुटी टाकीला १० ते १५ वॅटचा पांढरा एलईडी दिवा पुरतो. तो रोज सहा ते आठ तास, शक्यतो टायमर लावून, ठरावीक वेळी चालवावा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पहिल्या वर्षी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर सांगितलेली रोपे त्याच्याविना वाढतात आणि मापात झालेली चूक माशांच्या जिवावर बेतते.

लागवडीनंतरच्या काळात फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि दिवसाआड चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहतो. या काळात काचेवर तपकिरी थर येतो. तो डायाटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, पुसला की निघतो आणि पुढे आपोआप कमी होतो. चाचणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले आणि आठवडाभर तसेच राहिले, की मग चार-पाच लहान मासे आणावेत. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, तीत थोडे थोडे टाकीतले पाणी घालावे आणि मासे जाळीने टाकीत घ्यावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पुढचे मासे दोन आठवड्यांनी आणावेत. गोल्डफिश रोपे उपटतो आणि खातोही, तेव्हा तो या टाकीसाठी नाही. शेवाळ खातो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा फूटभराच्याही पुढे वाढतो आणि सगळी लागवड उखडून टाकतो.

यानंतरचे काम आठवड्याला अर्ध्या तासाचे आहे. पाव टाकी पाणी नळीने खेचून काढावे आणि क्लोरीन घालवलेले, साधारण त्याच तापमानाचे पाणी भरावे. पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी येते, तेव्हा हा बदल दोन-तीन दिवस पुढे ढकलावा. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. तो नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सहा आठवड्यांची प्रतीक्षा एका मिनिटात वाया जाते. वीज बराच वेळ गेली असेल, तर फिल्टर पुन्हा सुरू करण्यापूर्वीही स्पंज असाच खळबळून घ्यावा, कारण बंद डब्यात पाणी सडलेले असते.

आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. पाणी ३२ अंशांवर गेले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि नेमक्या त्याच वेळी माशांची त्याची गरज वाढते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ती भूक समजू नये. झाकण काढून पाण्यावर लहान पंखा तिरपा लावावा. माठाप्रमाणेच बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. एअर पंप रात्रीही चालू ठेवावा, कारण अंधारात रोपेसुद्धा प्राणवायू वापरतात. बर्फ टाकून तापमान झटक्यात उतरवू नये.

पानांकडे रोज पाहण्याची सवय लावावी, कारण रोपे त्यांची गरज पानांवरच दाखवतात. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडणे हे पोटॅशियमच्या कमतरतेचे लक्षण आहे, तर नवी पाने फिकट, जवळजवळ पांढुरकी येत असतील, तर लोह कमी पडते आहे. द्रवखत बाटलीवरील मापाच्या निम्म्याने सुरू करावे. हिरवे शेवाळ वाढू लागल्यास औषध आणण्याऐवजी दिवा दोन तासांनी कमी करावा, खाद्य घटवावे आणि हायड्रिलाच्या आणखी काड्या लावाव्यात.

रोपे ओढ्या-तळ्यांतून उपटून आणण्याचा मोह टाळावा. साताऱ्याच्या पठारांवरील वायतुरा ही अपोनोजेटॉन कुळातील वनस्पती फक्त आपल्याच सह्याद्रीत उगवते आणि ती संकटग्रस्त आहे. तिची जागा कासच्या पठारावरच आहे. उलट दिशेनेही तेवढीच काळजी घ्यावी, आणि टाकीतले मासे किंवा छाटलेल्या काड्या नदीत अथवा गटारात टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले, हे पुण्यातल्या कोणत्याही पुलावरून दिसते. छाटलेल्या काड्या उन्हात कडकडीत वाळवून कुंडीतील मातीत मिसळाव्यात, आणि दर आठवड्याला टाकीतून काढलेले पाणी तुळशीला आणि जास्वंदीला घालावे. त्यातल्या नायट्रेटने त्यांची पाने महिन्याभरात गडद होतात.