सांदण दरीत कॅमेरा नेताय? मग या चुका टाळा

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाहून सांदण दरीच्या अरुंद घळीत उतरायचं म्हटलं की कॅमेरावाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी किती आहे? वाटेत दोन ठिकाणी साचलेल्या पाण्यातून जावं लागतं. पहिलं पाणी साधारण गुडघ्या-मांडीपर्यंत, दुसरं कमरेपर्यंत, आणि पावसाळा संपून फार दिवस झाले नसतील तर त्याहून जास्त. भीती रास्त आहे. पण माझ्या डोळ्यांदेखत जे कॅमेरे गेले, त्यातला एकच पाण्यात गेला. बाकीचे कोरड्या धोंड्यांवर आपटले.

तो एक माझाच होता. दुसऱ्या पाण्यात सगळे करतात तेच मी केलं, सॅक दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. पाणी गढूळ, तळाचे गोटे शेवाळलेले. पाय सरकला की हात आपोआप आधाराला खाली येतात, आणि हातात असतं ते पाण्यात जातं. तेव्हा सॅक पाठीवरच ठेवा, छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडा म्हणजे पडलात तर पटकन बाहेर निघता येईल, आणि दोन्ही हात कातळ धरायला मोकळे ठेवा. कॅमेरा मात्र आत ड्राय बॅगमध्ये, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत हवा.

सॅकचं रेन कव्हर हा पाण्यातून जाण्याचा उपाय नव्हे. ते वरून पडणाऱ्या पावसासाठी असतं. कमरेएवढ्या पाण्यात पाठीकडच्या बाजूने पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे कव्हर बादलीसारखं भरून राहतं. ड्राय बॅगचं तोंड किमान तीन वेळा घट्ट गुंडाळून मगच बकल लावायचं. आतली हवा पूर्ण काढू नका. थोडी राहिली तर बॅग तरंगते. आणि पहिल्या पाण्यात भिजलेला टी-शर्ट त्याच बॅगेत कोंबू नका. बॅग बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तशीच आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. दुपारी उघडाल तेव्हा लेन्स घामेजलेली.

‘माझा कॅमेरा वेदर-सील्ड आहे’, म्हणजे त्याच्या सांध्यांतून पाणी-धूळ शिरत नाही, हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण म्हणतोच. बॉडी सील्ड असेल, पण लेन्सच्या माउंटला, म्हणजे ती बॉडीला जोडते तिथे, रबरी रिंग नसेल तर तिथून पाणी आत जाणारच. शिवाय ते सील शिंतोड्यांसाठी असतं, बुडवण्यासाठी नाही. फोनचं पाणी-धूळ रोखण्याचं आयपी ६७ रेटिंग म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं, तेही फोन नवा आणि धड असताना. काचेला तडा गेलेला फोन खिशात ठेवून पाण्यात उतरणं म्हणजे खुळेपणा.

आता धोंड्यांकडे वळतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. पाणी ओलांडलं की सगळे खूश होतात, कॅमेरा गळ्यात येतो. मग खोलीएवढ्या धोंड्यांवरून बसत, सरकत उतरताना तो लोलकासारखा झुलतो आणि लेन्सचं तोंड कातळावर आदळतं. बेसॉल्ट आहे तो, दयामाया नाही. कॅमेरा गळ्यात हवाच असेल तर छातीशी दुसऱ्या पट्ट्याने बांधून टाका, लेन्स हूड लावा. अवघड टप्प्यावर आमचा साम्रदचा वाटाड्या एकच सांगायचा, “दादा, आधी तो कॅमेरा माझ्याकडं द्या, मग तुम्ही या.” हातोहात देणं हीच उत्तम पद्धत, फक्त समोरच्याने ‘धरला’ म्हटल्याशिवाय सोडायचा नाही.

ट्रायपॉड सॅकच्या बाजूला उभा बांधला की फटीतून जाताना अडकतो आणि तुम्हाला मागे खेचतो. काठी म्हणून वापरलात तर पायांच्या लॉकमध्ये रेती जाते. नेऊ नका असं मात्र म्हणणार नाही. घळीत ऊन नीट पोचतं ते दुपारच्या आसपास थोडा वेळच, बाकी अंधुक उजेड. छोटा ट्रायपॉड सॅकच्या आत, आणि लेन्स एकच, रुंद दृश्य घेणारी वाइड. भिंती इतक्या जवळ आहेत की लांबचं जवळ आणणाऱ्या टेली लेन्सचा उपयोग नाही, आणि ओल्या हातांनी लेन्स बदलणं टळतं.

पुढे खालच्या डेहणे गावाकडे रॅपलिंग करत, म्हणजे दोराने कडा उतरत जाणार असाल तर जड सॅक पाठीवर घेऊन दोराला लटकू नका, ती तुम्हाला मागे उलटं करते. सॅक वेगळ्या दोराने खाली सोडा, आणि त्याआधी कॅमेरा कपड्यांच्या मधोमध गुंडाळा. तळाशी नको, कारण सॅक टेकते ती तळावर.

एवढं करूनही भिजलाच, तर चालू करून बघायचा मोह आवरा. लगेच बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, लेन्स वेगळी करा, कोरड्या फडक्याने टिपा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. पिठी आत जाते, पाणी आतच राहतं. सिलिका जेलची पाकिटं आणि हवाबंद डबा बरा. हेअर ड्रायर तर नकोच. चालेल की नाही ते दुरुस्तीवाल्याला ठरवू द्या.

घरी पोचल्यावर बॅग रिकामी करून पंख्याखाली उघडी ठेवा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून वेगळा वाळत घाला. तो दोन दिवस ओला राहतो, आणि आपण नेमका तोच लेन्सभोवती गुंडाळून कपाटात ठेवतो.