कांतुच्ची: दोनदा भाजलेली, कडक आणि कुरकुरीत

इटलीत ‘बिस्कोत्ती’ म्हटलं की कुठलंही बिस्किट आलं. बदाम घातलेली जी तिरकी, कडक कापं आपण या नावाने ओळखतो, ती टस्कनीतल्या प्रातोची कांतुच्ची. तिथे आंतोनियो मात्तेईने १८५८ मध्ये दुकान काढलं आणि त्याच्या या बिस्किटांनी गावाचं नाव झालं. आपल्या बेकरीतला टोस्टही असाच दोनदा भाजतात.

पारंपरिक कृतीत लोणी नाही आणि तेलही नाही. ‘जरा लोणी घालू’ हा मोह आवराच. लोण्याने नानकटाईसारखा खुसखुशीतपणा येतो, दाताखाली कट्कन तुटणारा कडकपणा जातो.

मैदा २५० ग्रॅम, साखर १६० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, २ अंडी, वर एक पिवळा बलक, सालासकट अख्खे बदाम १२५ ग्रॅम आणि एका संत्र्याची किसलेली साल (पांढरा भाग नको, तो कडू).

अंडी, बलक आणि साखर नुसती एकजीव करा, फेस काढू नका. त्यात संत्र्याची साल, मग चाळलेला मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ. शेवटी बदाम. पीठ हाताला चिकटतं, चिकटायलाच हवं. इथेच लोक मैदा वाढवतात आणि मग बिस्किटं दगड होतात. त्याऐवजी हात ओले करा आणि बटर पेपरवर साधारण २५ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद असे दोन रूळ वळा. मध्ये चार बोटं जागा सोडा, ते पसरतात.

आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. वरून फिकट सोनेरी झालं, बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला नाही, की बाहेर काढा.

आता कापणं. बहुतेक वेळा घाणा इथेच बिघडतो. गरमागरम कापलं तर मऊ रूळ सुरीबरोबर ओढला जातो आणि भुगा होतो. पूर्ण गार केलं तर कवच कडक होतं, बदामही घट्ट बसतो, आणि काप त्याच्याजवळ दुभंगतो. १० ते १२ मिनिटांनी, हाताला कोमट लागेल तेव्हा, जड धारदार सुरी तिरकी ठेवून एका दाबात खाली न्या. करवतीसारखी मागेपुढे केली की बदाम उखडून येतात. जाडी दीड सेंटिमीटर.

कापं आडवी मांडून १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी आठ-आठ मिनिटं. इथे रंग नव्हे, ओलावा घालवायचाय, म्हणून आच कमी. बाहेर काढल्यावर मधोमध किंचित मऊ लागतील. घाबरू नका, खरा कडकपणा जाळीवर गार होताना येतो. तासाभरानेही मऊच असतील, तर पुन्हा पाच मिनिटं भाजा.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट भरली तर वाफ धरते. पावसाळ्यात सादळली तर १५० अंशांवर सहा मिनिटं पुरतात. टस्कनीत ती विन सांतो या गोड वाईनमध्ये बुडवून खातात. कडक कॉफीतही छान लागतात.