मिलिटरी नर्स व्हायचंय? मग अकरावीच्या फॉर्मपासूनच बघा

पहिली गोष्ट अकरावीच्या प्रवेशाची. मिलिटरी नर्सिंगच्या चार वर्षांच्या बी.एस्सी.साठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे चारही विषय लागतात. किमान ५० टक्के हवेत, तेही पहिल्याच प्रयत्नात. दारव्ह्याच्या बाजारात बाया मला थांबवतात, "मॅडम, पोरीले तुमच्यावानी मिलिटरीत धाडाचं हाय, काय करा लागते जी?" आणि पोरगी निघते बारावी आर्ट्सची. तिथं माझा इलाज चालत नाही. म्हणून हे दहावी झालेल्या पोरींसाठी आणि त्यांच्या मायबापांसाठी लिहितेय.

वय १७ ते २५, उंची १५२ सेंटिमीटर, लग्न झालेलं नको. विधवा आणि घटस्फोटित मुलींनाही अटींवर अर्ज करता येतो. आता निवडीची सुरुवात नीटच्या (NEET, वैद्यकीय शिक्षणाच्या देशभरच्या प्रवेश परीक्षेच्या) गुणांवरून होते, पण नीट दिली म्हणजे झालं असं समजू नका. सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो. नीट मराठीतून देता येते. पुढची बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची परीक्षा मात्र संगणकावर असते, तिथं इंग्रजीला पर्याय नाही. रोज मोठ्यानं एक पान वाचा, शेजारी हसले तर हसू द्या.

कागदांत नाव सगळीकडे सारखं आहे ना, ते आजच बघा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. कुठं वडिलांचं नाव गळतं, कुठं स्पेलिंग बदलतं. हे आता निवांतपणी दुरुस्त होतं, ऐन वेळी होत नाही.

कॉलेजं सहा: पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता, लखनौ, बंगळुरू. साऱ्या देशातून जागा २२०. शिकताना राहणं, जेवण सरकारचं, वर विद्यावेतन. त्याबदल्यात नोकरीचा बाँड लिहून द्यावा लागतो, आणि पास झाल्यावर खांद्यावर लेफ्टनंटचे तारे. आमच्या वेळी डिप्लोमा होता, मी तो मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात केला. यवतमाळ जिल्ह्यातून गेलेली पोरगी मी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो होस्टेलवर पोचल्यावर.

मुलाखतीत "देशसेवा करायची आहे" एवढ्यावर भागत नाही. काम काय असतं ते ठाऊक हवं. लेहचं जनरल हॉस्पिटल साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानानं आलेला धडधाकट जवान दुसऱ्या-तिसऱ्या रात्री खोकायला लागतो, धाप लागते, थुंकीत गुलाबी फेस दिसतो. फुप्फुसात पाणी साचलेलं असतं. ऑक्सिजन लावायचा आणि त्याला लवकरात लवकर खाली उतरवायचं. हिमदंशाची बोटं कोमट पाण्यात धरायची, साधारण ३७ ते ३९ अंश, आणि चोळायची कधीच नाहीत. नवा नर्सिंग असिस्टंट मायेनं चोळायला जातो, त्याचा हात धरावा लागतो. श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल वेगळंच. तिथं गोळीचे, स्फोटाचे जखमी येतात, आणि कोणाला आधी घ्यायचं हे दारातच ठरतं. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात अवघड शस्त्रक्रिया आणि लांबणारे उपचार. आणि कामठी! तिथं जवानांची कुटुंबं आणि निवृत्त माणसं, बाळंतपणं, साखर, गुडघे. कामठीच्या वॉर्डात एका सुभेदाराच्या बायकोनं "सिस्टर, मले पाणी द्या जी" म्हटलं तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा ड्यूटीवर मी वऱ्हाडी बोलले.

घरी प्रश्न येईल लग्नाचा. शिक्षण चालू असताना लग्न नाही, नंतर करता येतं. पूर्वी लग्न केलं म्हणून नोकरी जायची. सेलिना जॉन या मिलिटरी नर्सला १९८८ मध्ये असंच काढलं होतं. तो नियम १९९५ मध्ये रद्द झाला, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते काढणं चुकीचं ठरवून त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. हे आजीला समजावून सांगा, बापाला मी सांगेन.

राहिलं मेडिकल. आपल्या पोरींचं हिमोग्लोबिन कमी असतं, म्हणून अकरावीतच प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा, लोहाच्या गोळ्या घ्या, वर लिंबू पिळलेलं खा आणि गोळीवर चहा पिऊ नका. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तीही तपासणी तिथंच फुकट होते. दात, कान, डोळे दाखवून घ्या. जत्रेत गोंदवून घ्यायची हौस असेल तर थोडं थांबा.

मुलाखत आणि मेडिकल दिल्लीला होतात. धामणगावहून किंवा वर्ध्याहून गाडी धरा, मूळ कागद पेटीत न ठेवता उशाशी ठेवा, आणि परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवशीचं काढू नका, तपासण्यांना दिवस लागतात.