घरात शिवणकामाची खोली थाटताय? या चुका टाळा

"काकू, मशीन कुठलं घेऊ?" शिकायला येणाऱ्या बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच असतो. कापड भिजवायचं कुठे, वाळत कुठे घालायचं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मला विचाराल तर शिवणाची खोली सुरू होते बादली आणि दोरीपासून. मशीन नंतर.

नवं कापड न भिजवता कापणं ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता ती दिसली की जीव कळवळतो. गिरणीतून येणारं कापड ताणलेलं असतं, वर खळ असते. पाणी लागलं की धागा सैल होतो आणि कापड आटतं. मांजरपाटाचा २ मीटरचा तुकडा मी भिजवण्याआधी आणि वाळल्यावर टेपने मोजते. ८-१० सेंटिमीटर सहज कमी भरतो.

गोधडीत तर हे फारच नडतं. वरच्या जुन्या साड्या वर्षानुवर्षं धुतलेल्या, आटायच्या तेवढ्या आटलेल्या. अस्तर मात्र दुकानातून आणलेलं कोरं. माझ्याकडच्या एका मुलीने भाचीच्या बारशासाठी अशीच गोधडी केली. आजीच्या दोन मऊ सुती साड्या, खाली नवं मांजरपाट आणि कडेला नव्या लाल कापडाची पट्टी. कडेपासून आत येत येत घातलेला धावदोरा इतका एकसारखा होता की मी तो बाकीच्यांना दाखवला होता. "भिजवलंस ना सगळं?" असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वेळ कुठे होता, काकू?" पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, वरच्या साड्यांना सगळीकडे चुण्या पडल्या आणि लाल पट्टीने आजीची पांढरी साडी गुलाबी केली. दोन महिन्यांचं हातकाम होतं. आम्ही दोघींनी बसून ते उसवलं. साडीवरचा डाग गेला नाही.

माझी रीत साधी आहे. कापड घरात आलं की त्याच दिवशी रात्रभर पाण्यात. सकाळी चोळून धुवायचं, खळ निघेपर्यंत पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचं, किंचित ओलं असतानाच इस्त्री करायची. गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघायचं. फडक्याला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावायचं नाही. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होत नाही. फार तर त्या धुण्यापुरता दबतो. या कामाला दोन दिवस लागतात. ज्यांना ते दोन दिवस जड वाटतात, त्यांनी गोधडीला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इस्त्री एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. त्यावरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला २३० व्होल्टवर १३८० वॉटपर्यंतच झेपतं, आणि वाफेच्या पुष्कळ इस्त्र्या त्याच्या वर जातात. खोलीत १६ अँपिअरचा पॉइंट आधी करून घ्या, कपाट नंतर.

कापायचं टेबल स्वयंपाकाच्या ओट्याएवढं उंच हवं, नाहीतर कंबर धरते. गोधडीचे थर मात्र जमिनीवरच अंथरा. रंग जुळवायचे ते दिवसाउजेडी. पिवळ्या दिव्याखाली निळा आणि हिरवा फसवतात.

दुसरी चूक तेलाची. घरात शिलाईचं तेल नाही म्हणून मशीनमध्ये खोबरेल घालतात. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, हे डोक्याला लावणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं, तरीही. आमच्या नाशिकच्या थंडीत तर बाटलीतलं तेल दगड होतं. माझ्या आईच्या पायमशीनला पाहुण्या आलेल्या एकीने मदत म्हणून खोबरेल घातलं. डिसेंबरात चाक हलेना, तर ते जोर लावून फिरवलं गेलं आणि पट्टा तुटला. कारागिराने सगळे सांधे रॉकेलने धुतले तेव्हा आतून धूळ आणि तेलाचा पिवळा चिकट थर निघाला. त्या दिवसापासून मशीनच्या खणात शिलाई मशीनच्या पातळ तेलाची बाटली कायम असते. प्रत्येक भोकात एक-दोन थेंब, मग चिंधीवर दोनेक मिनिटं कोरी शिलाई. ही चिंधी चुकवली तर पहिला तेलाचा डाग तुमच्या चांगल्या कापडावर पडणार.

टाका सुटतोय म्हणून लगेच टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणारा, स्क्रू पिळू नका. आधी सुई बदला, दोरा नव्याने ओवा, खालच्या दोऱ्याच्या डबीतले, म्हणजे बॉबीन केसमधले, कापसाचे पुंजके ब्रशने काढा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

पावसाळ्यात कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा, आणि ऊन पडलं की उलगडून वारा द्या.

कापडाची कात्री कागदाला लावू नका. माझ्या कात्रीला लाल नाडी बांधलेली आहे, आणि तिने दुधाची पिशवी कापायची नाही हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक आहे.